मार्नी फळीवर काय करायची

ब्रॅडॉक गल्च, कोलोरॅडो
१९ मार्च १९९९

लोरीन,

तुझं पत्र पोचलं. फिनिक्सला लिंबांना फुलं आली, वाचलं. इथे स्वयंपाकघराच्या खिडकीला अजून अर्ध्यापर्यंत बर्फ टेकलेला आहे. मी बरी आहे, डावा गुडघा सोडून. शेजारचा हॉलिस छपरावरचा बर्फ ढकलून जातो आणि त्याबदल्यात तासभर बसून माझं डोकं खातो. अक्षर लागलं नाही तर मी काही करू शकत नाही, सहावीनंतर माझ्या अक्षराकडे कोणी पाहिलेलं नाही.

मार्नी अजून खालच्या गावातच आहे, मयतं ठेवतात तिथे. दफनभूमीत कुदळ मारली की ठिणगी उडते, इतकी जमीन गोठली आहे. जूनच्या आत खड्डा होणार नाही असं खणणारा म्हणतो. तू येणार का, ते तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. मी पानं उलटून पाहिली.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, ‘नुसतं फळीवर उभं राहून डोंगरावरून घसरायचं, त्यात असं काय होतं की तू तिला थांबवलं नाहीस?’ दुसरी, नाताळात तू पाठवलेलं ते बीकन, बर्फाखाली गाडलेल्याकडून हाक देणारं यंत्र, तिच्या अंगावर होतं का, आणि होतं तर चाललं का नाही.

आज पहिलीचं उत्तर देते. मला एका वेळी एकच भांडं घासता येतं.

आधी ते ‘नुसतं’ मागे घे. मीही तेच म्हणायचे, म्हणून सांगते. तू तिला माझ्याकडे एका हिवाळ्यापुरती ठेवून गेलीस तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दिवसभर लॉजच्या स्वयंपाकघरात माझ्या पायात पायात करायची. मी चिलीच्या, त्या राजमा-खिम्याच्या, पातेल्यापाशी, ती पातेल्याखाली. शेवटी भाड्याने स्नोबोर्ड देणाऱ्या दुकानातल्या पोरीकडे तिला नेऊन सोडली. त्या पोरीने काय करावं? मार्नीला मागून एक धक्का दिला. मी डाव घेऊनच धावले. मग समजलं, त्यांची रीतच ती आहे. बेसावध असताना ढकलायचं आणि तोल सावरायला कुठला पाय आधी पुढे येतो ते बघायचं. डावा आला तर फळीवर तो पुढे बांधतात, त्याला म्हणतात रेग्युलर. उजवा आला तर गूफी, म्हणजे येडपट. मार्नीचा उजवा आला. घरभर सांगत फिरली, आजी, मी येडपट आहे. मी म्हटलं, त्यासाठी ढकलायचं कशाला, मला विचारायचं.

फळीला दोन कडा. पंज्यांकडची एक, टाचांकडची एक. वळायचं म्हणजे एक सोडून दुसरी धरायची. पण उताराकडची कड चुकून बर्फात रुतली की माणूस तोंडावर तरी आपटतो नाहीतर पाठीवर तरी. पहिल्या हिवाळ्यात ती इतकी आपटली की तिला बसून जेवता येत नव्हतं. उभ्याने चिली खायची. रडली नाही. तू गेल्यावरचं रडणं तेव्हा संपलेलं होतं.

ह्या लोकांत तीन जाती आहेत आणि तिन्ही एकमेकींना नावं ठेवतात.

एक कोरणारे. आपला दातांचा डॉक्टर पिंकनी त्यातला. अरुंद ताठ फळी, दगडासारखे कडक बूट, आणि नुकताच यंत्राने सपाट केलेला उतार. वळताना एवढा कलतो की कोपर बर्फाला लागतं, आणि मागे सुरीने ओढल्यासारखी बारीक रेघ राहते. उडी नाही, गिरकी नाही. मार्नी म्हणायची, छान आहे गं, पण इस्त्रीच्या शर्टात झोपल्यासारखं.

दुसरे पार्कातले. ती बरीच वर्षं ह्यांच्यात होती. उड्यांसाठी उंचवटे आणि नळ्या लावलेला तो पार्क माझ्या चुलीसमोरच्या खिडकीतून दिसतो, म्हणून ह्यांचं मला सगळं पाठ आहे. आणि न दिसलेलं काउंटरला टेकून ऐकवतातच. ओले हातमोजे माझ्या पावांशेजारी ठेवून.

सुरुवात ‘ऑली’ नावाच्या उडीपासून. शेपटीवर भार टाकून फळी धनुष्यासारखी वाकवायची आणि तिच्याच जोरावर जमिनीवरून सुटायचं. मग बटर. फळीच्या एका टोकावर उभं राहून दुसरं टोक उचलायचं आणि उतारावरच भिंगरी घ्यायची, पावावर लोणी फासावं तशी. मग लोखंडी नळीवरून घसरणं. फळी नळीला सरळ ठेवली तर सोपं, आडवी ठेवली तर अवघड. एका मार्चमध्ये लॉजबाहेरच्या जेवायच्या टेबलाच्या उंचीपर्यंत बर्फ साचला होता, तर ही बाई वरून आली आणि दोन माणसांच्या सूपमधून, म्हणजे दोन वाडग्यांच्या मधून, फळी आडवी धरून पलीकडे गेली. सूप सांडलं नाही. मी बाहेर येऊन तिचा कान धरला. त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, मूर्ख लेकाचे.

उड्या मोठ्या. बर्फाचा उंचवटा, मग मोकळी सपाट जागा, मग पुन्हा उतार. उतारावर उतरलं तर काही होत नाही. कमी वेगात आलं की सपाटीवर पडतं माणूस, आणि हाडं सपाटीवरच मोडतात. तिचं गळ्याजवळचं हाड तसंच मोडलं. हवेत असताना अर्धी गिरकी, पूर्ण गिरकी, दीड गिरकी. छातीकडून फिरलं तर खाली कुठे उतरायचं ते दिसत राहतं. पाठीकडून फिरलं तर मधे काही दिसत नाही, जमीन असेल असं धरून चालायचं. ती बहुतेक पाठीकडून फिरायची. उलट्या पायाने उतरून, डावा पाय पुढे, म्हणजे मागेपुढे झालेल्या माणसासारखं, तेही करायची. त्याला स्विच म्हणतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्याने लिहावं तसं.

वरून पुन्हा हवेत फळी धरायची. का, तर नुसतं फिरणं उघडंबोडकं दिसतं म्हणे. मागच्या हाताने पंज्यांकडची कड धरली की ती इंडी. आणि पुढच्या हाताने टाचांकडची कड धरून, गुडघे मुडपून, फळी पाठीमागे वर ओढली की ती मेथड. ही जुनी चाल आहे. परीक्षक तिला फारसे गुण देत नाहीत, कारण तिच्यात मोजण्यासारखं काही नाही. मार्नीची तीच आवडती. बाकीची पोरं हवेत काही ना काही करत असायची. ती थांबायची. मी पळी पातेल्यात तशीच धरून बघायचे, की ही आता खाली येणार आहे का नाही.

येत असे.

गेल्या वर्षी त्यांचा खेळ ऑलिंपिकला गेला तेव्हा लॉजमध्ये टीव्हीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. मार्नी बघायलाही आली नाही. तोवर ती तिसऱ्या जातीत गेली होती.

ह्यांना सपाट केलेला उतार नको, पार्क नको, वर नेणारा पाळणा नको. बुटांना बर्फात न रुतणारे जाळीचे तळवे बांधायचे, फळी पाठीवर घ्यायची, आणि कुंपणापलीकडच्या डोंगरावर चालत चढायचं. वर चढायला अर्धा दिवस, खाली यायला एक गाणं संपेल एवढाच वेळ. नव्या भुसभुशीत बर्फात मागच्या पायावर रेलून नाक वर ठेवायचं, नाहीतर फळी खाली शिरते. चाली नाहीत, गुण नाहीत. बर्फ छातीपर्यंत उडतो, तोंडात जातो. बस, एवढंच. मी विचारलं, पार्कात काय वाईट होतं? म्हणाली, पार्कात सगळे बघतात. मी म्हटलं, मग तिथे काय आहे? म्हणाली, तिथे काही नाही गं, आजी. तेच तर.

मला ते उत्तर तेव्हाही आवडलं नव्हतं.

थांबवलं नाहीस म्हणतेस. दोनदा तिची फळी मी सरपणाच्या खोलीत कुलूप लावून ठेवली. एकदा तिने कुलूप काढलं, एकदा दारच काढलं. एकवीस वर्षांच्या बाईला किती दिवस कोंडतेस? तू कोणाला कधी कोंडलं नाहीस, तुला अंदाज नसेल.

एकटी जात नसे. वेड प्रुइट बरोबर असायचा. पाळण्यावर काम करतो, लांबोळक्या चेहऱ्याचा, चांगला मुलगा आहे. आणि गस. गस तिचा कुत्रा, पिवळट, एक कान पडलेला. ती वरून सुटली की तिने पाडलेल्या रेघेतून तो तिच्या मागे धावत यायचा, पोट बर्फात घासत.

हे झालं तुझ्या पहिल्या प्रश्नाचं. बीकन माझ्या कपाटात आहे, टॉवेलाखाली. आता उठते, पातेलं खाली लागेल.

आई


ब्रॅडॉक गल्च
६ मे

लोरीन,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. एका ओळीचं, ‘तू उत्तर दिलं नाहीस,’ आणि त्यामागून आलेलं लांबलचक. वितळायला सुरुवात झाली आहे. रस्त्यात चिखल आहे, लॉज बंद झालं, आणि मला दिवसभर घरात बसायला लागतं. ते मला जमत नाही.

तू लिहितेस, तुझ्या ऑफिसातल्या वकिलाशी तू बोललीस. यंत्र बिघडलेलं निघालं, म्हणून बनवणाऱ्यांवर खटला भरायचा आहे. यंत्र नीट गुंडाळून पाठव म्हणतेस, पुरावा म्हणून. आणि हेही लिहिलंस, की तिच्यासाठी आयुष्यात एवढं तरी तुला करू दे.

मी पाठवणार नाही. ते बिघडलेलं नव्हतं, लोरीन. ते तिच्या अंगावर होतं, छातीला बांधलेलं, पट्टे घट्ट. चालू होतं. तिला खाली आणलं तेव्हाही त्याचा दिवा लुकलुकत होता. मी स्वतः ते बंद केलं. बटण सापडेना मला.

आता बाकीचं. मी ह्या पत्राला महिनाभर हात लावला नाही. तू खटल्याचं काढलं नसतंस तर अजूनही लावला नसता.

नाताळात तुझं पार्सल आलं. इतक्या वर्षांत तू स्वेटर पाठवलेस ते सगळे लहान मापाचे, तुझ्या डोक्यात ती नऊचीच राहिली होती. ह्या वेळी मात्र बीकन. कोणाला विचारलंस कोण जाणे, पण चांगल्यातलं चांगलं निवडलंस. नवं, बाण दाखवणारं. ती ते घालूनच जेवायला बसली. मी म्हटलं, टेबलावर हिमस्खलन होणार आहे का? तर हसली. रात्री उशाशी घेऊन झोपली. हे तुला कळायला पाहिजे म्हणून लिहिलं.

तिचं जुनं बीकन होतं. कानाला लावून आवाज ऐकायचं, पण धडधाकट. नवं आल्यावर ते मोकळं झालं. ती म्हणाली, हे गसला. जुन्या बॅगेचे पट्टे कापून त्याच्या पाठीवर शिवून घेतलं.

ती एकटी अशी नव्हती. इथले बरेच जण लावतात कुत्र्याला. ह्या लोकांच्या घरात कुत्र्याला स्वतःची खुर्ची असते, मग बर्फात त्याला तसंच सोडायचं कसं? उतारावर गस्त घालणारा टीगन जानेवारीत लॉजमध्ये ह्यावरून सगळ्यांशी भांडला. मी तिथेच होते, वाढत होते. तो म्हणाला, दोन्ही यंत्रं एकच हाक मारतात, वर शोधणाऱ्याला कुत्रा कुठला आणि माणूस कुठला ते समजत नाही. पोरांनी त्याला उडवून लावलं. कोणी म्हणालं, तुझ्यापेक्षा माझा कुत्रा परवडला. मार्नी म्हणाली, “टीगन, गस माझ्याबरोबर येतो. माझ्याबरोबर येणाऱ्याला मी खाली सोडून येणार नाही.” मलाही ते बोलणं पटलं होतं. कोणाला सोडायचं नाही हे ती कुठून शिकली, ते तुला मी सांगायला नको.

फेब्रुवारीत चार दिवस बर्फ पडला, मग वारा सुटला, मग ऊन. निघताना गाडीपाशी त्यांनी नेहमीसारखी तपासणी केली. एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच्या पुढून चालत जायचं आणि हाक ऐकू येते का बघायचं. तिची आली, वेडची आली, गसची आली. सगळं नीट. वरून आधी ती सुटली, कारण वाट तिने पाडली होती आणि वाट पाडणाऱ्याचा पहिला मान. मागे गस. वेड वर थांबला. एका वेळी एकानेच उताराला वजन द्यायचं, हेही त्यांनी पाळलं. तिने तीन-चार वळणं घेतली आणि तिच्या वरचा सगळा उतार काचेच्या पत्र्यासारखा तडकला. वेड म्हणतो, आवाज झालाच नाही. नंतर म्हणतो, फार झाला.

तो खाली उतरला. स्वतःचं बीकन हाक मारण्यावरून हाक ऐकण्यावर टाकलं. हाक लगेच आली, जवळ, मोठी. तो तिकडे धावला, आणि खणायला लागला. सुटलेला बर्फ थांबला की सिमेंट होतो, तुला आठवत नसेल. हात फाटले त्याचे. एवढं खणलं, आणि खाली पिवळे केस दिसले. गस जिवंत होता. त्याच्या पाठीवरचं यंत्र बंद करायला त्याला अख्खा उपसावा लागला, नाहीतर त्याची हाक दुसरी हाक झाकत होती. ते बंद झालं तेव्हा दुसरी ऐकू आली. खालून, झाडांच्या रांगेपासून. लांबून, बारीक.

तो पोचला. आणखी काय लिहू.

वेड त्याच संध्याकाळी माझ्या मागच्या दाराशी आला. आत येईना. हात पुढे धरून उभा, रक्ताळलेले, जसं काही मी तपासणार होते. म्हणाला, “व्हर्नाआजी, जवळची आधी. आम्हाला असंच शिकवलंय. दोन आहेत ते मला माहीत होतं. पण हाकेवरून कोण ते कळत नाही हो.”

मी त्याला म्हटलं, हात धू. तेव्हापासून मी दिसले की तो रस्ता बदलतो. मीही त्याला हाक मारत नाही. त्याने बरोबरच केलं होतं. सगळ्यांनीच बरोबर केलं, तीच मोठी भानगड आहे. चूक असती तर धरायला काही तरी असतं.

खालच्या गावच्या पेपराने गसचा फोटो छापला, चमत्काराने वाचलेला कुत्रा. बटाट्याची सालं त्यात गुंडाळली मी. पाद्री आला आणि म्हणाला, तिला काही कळलंच नसेल. मी विचारलं, तुला कसं कळलं? तिला आणलं तेव्हा मी होते तिथे. तिच्या तोंडाला धरलेल्या बर्फाची काच झाली होती. श्वासाने होते तशी काच, आणि ती एक-दोन श्वासांत होत नाही. पाद्र्याला मी हे सांगितलं नाही. तुला सांगते, कारण तू तिची आई आहेस आणि हे दोघींत वाटून घेतलं तरच मला उचलेल असं वाटत होतं. लिहून झालं. तसं काही झालं नाही. तेवढंच जड आहे.

आता तू जे विचारशील ते मीच आधी लिहिते. हो. तू ते पाठवलं नसतंस, तर जुनं यंत्र तिच्याच छातीवर असतं, गसच्या पाठीवर काही नसतं, आणि वेड सरळ तिच्याकडे गेला असता. हा हिशोब मी रोज करते आणि रोज तेच उत्तर येतं. तू पाप केलंस का? नाही. आईने करायचं ते तू एकदा केलंस, मन लावून, नीट चौकशी करून. मला त्यावर तुला चार शब्द सुनावायचे होते, कारण तुला सुनावायची मला सवय आहे. लिहायला बसले तर एकही शब्द मिळाला नाही. आणि तुला बरं वाटेल असाही मिळाला नाही. शोधला होता.

हे तुला पत्राने का? तर इथे सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये तू आलीस, तर दफनानंतर चर्चच्या मागच्या खोलीत कोणीतरी तुझ्या हातात कॉफीचा कप देत देत, चांगल्या मनाने, सांगून टाकेल. अनोळखी बाईकडून तू हे ऐकावंस असं मला नको होतं. आणि खटल्यात ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून चार लोकांपुढे बाहेर पडलं असतं, ते त्याहून वाईट. वकिलाला सांग, आईने ऐकलं नाही, हेकट आहे. त्यात खोटं काही नाही.

खणणाऱ्याने परवा पुन्हा कुदळ मारून पाहिली. ढेकूळ निघालं. जूनचा दुसरा शनिवार ठरवला आहे, सकाळी, ऊन चढायच्या आत. खड्डा वरच्या बाजूला, तुझ्या वडिलांच्या शेजारी. तिथून तो उतार दिसतो. दुसरी जागा मागितली, मिळाली नाही.

तू ये, असं मी लिहिणार नाही. आता हे वाचल्यावर तू आलीस तर का आलीस ते मला कळेल, आणि नाही आलीस तरी कळेल. कोणाला काही समजावून सांगायची गरज नाही.

गस माझ्याकडेच आहे. दुसरं कोण घेणार त्याला? काहींनी सुचवलं, गोळी घाल. काही येऊन त्याचं डोकं कुरवाळतात आणि रडतात. मी दोन्ही करत नाही. सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढे थाळी ठेवते आणि तोंड फिरवते, आणि तो जेवतो. कुत्र्याला भूक लागते. दाराशी झोपतो, आत यायला पाय पुढे टाकत नाही. त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे मी बघत नाही.

तेव्हा येणार असशील तर एवढंच आधी कळव: त्या दिवशी त्याला घरी बांधून ठेवू, की तुला त्याला बघायचं आहे. तू म्हणशील तसं करीन. ह्यापुढे तुला विचारण्यासारखं माझ्याकडे हे एकच उरलं आहे.

तुझी आई,
व्हर्ना